बाईंचा दुसरा ब्रेक

मिस्त्रीनं दिलेला कागद बाईंनी आधी हात लांब करून वाचला, मग चष्मा लावून वाचला, आणि मग उलटा करून मागे काही लिहिलंय का तेही पाहिलं. मागे काही नव्हतं. जे होतं ते पुढेच होतं. पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड, दोन्ही डिस्क, मागचे लायनर, ब्रेक ऑइल, साफसफाई, मजुरी. त्याखाली पट्टी न लावता ओढलेली वाकडी रेघ, आणि रेघेखाली तेरा हजार सहाशे.

"अरे, मी ब्रेक दुरुस्त करायला सांगितले होते," बाई म्हणाल्या. "गाडी विकत मागितली नव्हती."

मिस्त्री हसला. बाई असं काहीतरी बोलणार हे त्याला ठाऊक होतं. तो पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, शांत माणूस होता आणि बाईंसमोर उभा राहिला की त्याचे हात आपोआप पाठीमागे जात. कारण अठराव्या वर्षी तो बाईंकडेच गाडी शिकला होता आणि परीक्षेत दोनदा नापास झाला होता. हाताखालून हजार गाड्या गेल्या, तरी ते दोन नापास त्याच्या पाठीवरून उतरले नव्हते.

"बाई, चाक काढून दाखवलंय ना तुम्हाला. पॅड संपलेत. आणि डिस्क बघा, कशी निळी पडलीय. तापून तापून झालीय ती तशी."

"आठ महिन्यांपूर्वी तूच घातलेस पॅड. दोन वर्षं बघायला नको, म्हणालास."

"म्हणालो होतो."

"मग?"

मिस्त्रीनं फडक्याला हात पुसले. हात पुसून झाले तरी पुसत राहिला. "मग असं आहे बाई, की कुणाचा तरी पाय ब्रेकवर राहतोय. दाबलेला नाही, नुसता ठेवलेला. सारखा."

"माझी विद्यार्थिनी नवी आहे. राहत असेल तिचा."

"नवी तर सगळीच असतात," मिस्त्री म्हणाला आणि छताकडे पाहू लागला. तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं, एक पंखा होता आणि तोही बंद.

बाईंनी कागदाची चार घड्यांची पुडी केली, पर्समध्ये टाकली आणि "कळवते उद्या" म्हणून बाहेर पडल्या. गाडी तिथंच राहिली, पुढचं एक चाक काढलेली, दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखी.

बाई कोण, हे आता सांगायला हवं. गावात त्यांना नावानं कुणी ओळखत नव्हतं. 'गाडीच्या बाई' म्हटलं की पोस्टमनसुद्धा थेट दारात येई. एकतीस वर्षं त्या लोकांना गाडी शिकवत होत्या. पण त्याआधी, अगदी तरुणपणी, त्या एका फिरत्या नाटक कंपनीची गाडी चालवायच्या. त्यांचे यजमान त्या कंपनीत रंगमंचावरच्या दिव्यांचं काम बघत, म्हणून सगळे त्यांना 'दिवेवाले' म्हणत. मागे पडदे, दिव्यांच्या पेट्या, खोट्या मिशांचा डबा, एक लाकडी सिंहासन, पुढे बाई. एका प्रयोगाच्या दिवशी कंपनीचा ड्रायव्हर तापानं फणफणला आणि प्रयोग रद्द व्हायची वेळ आली, तेव्हा बाईंनी पदर खोचला आणि किल्ली मागितली. आयुष्यात तोपर्यंत त्यांनी ती गाडी दोनदाच चालवली होती, तीही मैदानात. पण त्या दिवशी सिंहासन वेळेवर पोहोचलं. राजा त्यावर बसला. पडदा वर गेला. विंगेत उभ्या असलेल्या बाईंना पहिल्यांदाच वाटलं, की टाळ्यांतल्या दोन-चार आपल्यासुद्धा आहेत.

पुढे मुलगी झाली, फिरणं थांबलं. मग बाईंनी एक जुनी गाडी घेतली. या मिस्त्रीच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या मिस्त्रींनी, त्या गाडीत शेजारच्या सीटसमोर दुसरा ब्रेक बसवून दिला. शिकवणाऱ्याचा ब्रेक. त्याला जोडून एक बझरही असतो. शिकवणाऱ्यानं पाय लावला की तो वाजतो, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या साहेबाला कळतं की गाडी कुणी थांबवली. गाड्या बदलल्या, हे पेडल आणि बझर मात्र प्रत्येक नव्या गाडीत बसत गेले. बझर बाईंनी परीक्षेच्या दिवसापुरता जोडून घ्यायचा असं ठरवलं होतं. एरवी वायर काढून ठेवलेली. त्या म्हणत, "वाजायची वेळच येत नाही, तर उगाच कशाला?"

आणि खरंच येत नव्हती. बाईंची सगळी ख्याती त्यावर होती. इतर शिकवणाऱ्यांच्या गाडीत म्हणे दर चौकात धक्के बसत. बाई मात्र दोन्ही पाय पायपुसण्यावर सपाट ठेवून, मांडीवर हात घेऊन, नाटक बघायला बसल्यासारख्या बसत. एकतीस वर्षांत दुसरा ब्रेक किती वेळा दाबला? तर अकरा वेळा. हा आकडा त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ होता. तिसऱ्या वेळचा फुगेवाला, सातव्या वेळची बँडची गाडी, नवव्या वेळी रस्त्यात मधोमध बसून पेपर वाचणारा तो गृहस्थ, हे सगळं त्या रंगवून सांगत. आणि शेवटी म्हणत, "ज्या दिवशी माझा पाय आपोआप ब्रेकवर जाईल, त्या दिवशी मी ही गाडी विकेन. घाबरलेल्या माणसानं दुसऱ्याला काय शिकवायचं?"

हे त्या इतक्या जणांना, इतक्या वेळा म्हणाल्या होत्या की आता ते मागे घेणं अवघड होतं.

म्हणूनच तो घडी घातलेला कागद त्या दुपारी पर्समध्ये जड झाला होता. तेरा हजार काही थोडे नव्हेत, पण बाईंना खरी खुपत होती ती दुसरीच गोष्ट. कागद खोटा असेल, तर थोरल्या मिस्त्रींचा मुलगा आपल्याला फसवतोय. आणि कागद खरा असेल, तर कुणाचा तरी पाय खरोखरच ब्रेकवर आहे. दोन्हीतलं कुठलं बरं, याचा विचार करताना बाई स्वतःशीच दचकल्या. कारण त्यांना मनापासून वाटत होतं, की मिस्त्री लबाड निघावा.

रस्त्यातच जावयाचा फोन आला. जावई दूरच्या शहरात होते आणि त्यांना गाड्यांतलं सगळं कळतं असा त्यांचा समज होता.

"आई, तेरा हजार? लुटतोय तो तुम्हाला. सरळ दुसरीकडे न्या."

"तुम्ही गाडी पाहिली नाहीत, जावईबापू."

"पाहायची गरजच नाही. बाईमाणूस बघितलं की आकडा वाढतो."

"त्यानं मला सत्तावीस वर्षं बघितलंय," बाई म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत केव्हाच वाढवला असता." आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण लबाड ठरवायला निघालेल्या माणसाचीच बाजू घेतोय.

तरी त्या चौकापलीकडच्या दुसऱ्या गॅरेजात गेल्याच. तिथला मालक खुर्चीतून न उठता म्हणाला, "सहा हजारांत करून देतो. डिस्क जरा घासून घेऊ, पॅड टाकू, झालं."

"तुम्ही गाडी न बघता सांगताय?"

"ताई, ब्रेक सगळ्यांचे सारखेच."

"दातही सगळ्यांचे सारखेच असतात," बाई म्हणाल्या. "तरी डॉक्टर आधी तोंड उघडायला सांगतात."

हे त्यांना सुचलं, कारण त्यांची सध्याची एकुलती एक विद्यार्थिनी दातांची डॉक्टर होती. वय बावन्न. अख्खं गाव तिच्या खुर्चीत बसून थरथरायचं, आणि ती बाईंच्या गाडीत बसून थरथरायची. गुरुवारी तिची परीक्षा होती. तिची आई तीस मैलांवर एकटी राहत होती आणि तिच्याकडे जायला दिवसातून दोनच बस होत्या. एक फार लवकरची आणि एक फार उशिराची. गाडी चालवता यायला लागली की ती रविवारी मनात येईल तेव्हा आईकडे जाणार होती. पण गाडी काही येत नव्हती. सुरू करायची, क्लच सोडायचा, आणि गचका देऊन बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. डॉक्टरीणबाई म्हणत, "बाई, मी ढ आहे." आणि बाई म्हणत, "ढ नाही, घाई आहे."

तिसरी फेरी बाईंनी सुट्या भागांच्या दुकानात मारली. काउंटरमागे एक हडकुळे गृहस्थ होते. त्यांनी कागद शांतपणे वाचला, पेन्सिलीनं प्रत्येक ओळीपुढे आपल्याकडची किंमत लिहिली आणि कागद परत सरकवला. पॅडमध्ये पन्नासाचा फरक. डिस्कच्या जोडीत शंभराचा.

"एवढे तर तो आणायला येतो त्याच्या पेट्रोलचे झाले," ते म्हणाले. "किमती बरोबर आहेत. आता एवढंच बघा, की हे सगळं बदलायची गरज आहे का. डिस्कच्या कडेला कमीत कमी जाडी कोरलेली असते. नवी सतरा मिलिमीटरची. पंधराच्या खाली गेली की घासायची बिसायची नाही, फेकायची. मोजून दाखव म्हणा. खरा असेल तर आनंदानं दाखवेल."

बाईंना हा माणूस आवडला. त्यांनी गरज नसताना एक गाडी पुसायचं फडकं विकत घेतलं.

घरी आल्या तेव्हा दिवेवाले गॅलरीत बसले होते. हल्ली त्यांची गुडघ्यामुळे तीच जागा ठरलेली होती. दुसऱ्या मजल्यावरची वेताची खुर्ची, खाली रस्ता, आणि रस्ता जिथं शाळेकडे वळतो ते वळण. बाई रोज शिकवणीला निघाल्या की ते वरून बघत. पूर्वी विंगेतून रंगमंच बघायचे, आता गॅलरीतून रस्ता. काम तेच, पगार नाही, असं ते म्हणत.

बाईंनी चहा टाकला आणि सगळी हकिकत सांगितली. पोरगा लबाड झालाय की काय कळत नाही, कुणाचा तरी पाय ब्रेकवर राहतो म्हणतो, इत्यादी.

"राहतोच," दिवेवाले बशीत चहा ओतत म्हणाले.

"काय राहतोच?"

"अगं, मी रोज बघतो ना वरून. तुमची गाडी फाटकातून निघाली की मागचे लाल दिवे लागतात, ते थेट शाळेच्या वळणापर्यंत. विझतच नाहीत. मंद मंद. छान दिसतात खरं तर. मला वाटलं, तुझी डॉक्टरीण घाबरट आहे."

"आहेच ती घाबरट," बाई म्हणाल्या. त्यांना एकदम हलकं वाटलं. म्हणजे पाय डॉक्टरचा. मिस्त्रीही खरा, आपणही खरे. चहा आज चांगला झाला होता. "आणि तुम्ही हे मला आज सांगताय?"

"तू कधी विचारलंस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई गॅरेजात गेल्या त्या अगदी प्रसन्न चेहऱ्यानं. "मोज," त्या म्हणाल्या. मिस्त्रीनं मापक काढलं, डिस्कला लावलं आणि बाईंच्या चष्म्यासमोर धरलं. चौदा पूर्णांक दोन. दुसऱ्या चाकाची चौदा पूर्णांक चार. कडेला बारीक अक्षरांत पंधराचा आकडा कोरलेला होताच, त्यानं तो पॉलिशच्या कागदानं घासून उजळ करून दाखवला. आनंदानं दाखवला.

"ठीक. आता मागचे लायनर मोज."

इथं मात्र मिस्त्री जरा रेंगाळला. ड्रम उघडला, माप लावलं. तीन मिलिमीटरच्या थोडं वर.

"कितीला बदलतात?"

"दीडला."

"मग कागदावर का आलेत हे?"

"चाकं उघडलीच आहेत म्हणून ओघानं लिहिले, बाई."

"ओघानं!" बाईंनी पर्समधून पेन काढलं आणि ती ओळ आडवी मारली. "ज्याच्यात अजून जीव आहे ते फेकायचं नाही. तुझ्या वडिलांनी नाही कधी फेकलं. मजुरीतले मागच्या चाकांचे पण कमी कर."

"केले," मिस्त्री म्हणाला. पकडला गेल्याचं त्याला वाईट वाटलेलं दिसलं नाही, उलट बरं वाटल्यासारखा दिसला. "काम सुरू करू? गुरुवारी परीक्षा आहे ना. बझरची वायर जोडून ठेवलीय मी सकाळीच. त्याआधी मला एकदा हळूहळू अंगणातून फिरवून बघू द्या, कुठलं चाक जास्त धरतंय ते. तुम्ही बसा शेजारी. कान तुमचे चांगले आहेत."

मिस्त्रीनं चाकं लावली. बाई शेजारच्या सीटवर बसल्या. मिस्त्रीनं सीट मागे सरकवली, आरसा बघितला, पट्टा लावला, सगळं बाईंनी शिकवलेल्या क्रमानं, अगदी विद्यार्थ्यासारखं. बाईंना हसू आलं.

"इशारा दिला नाहीस," त्या म्हणाल्या.

"अंगणात?"

"याच उत्तरानं दोनदा नापास झालास."

त्यानं इशाऱ्याचा दिवा लावला, क्लच सोडला, आणि गाडी हलली. हलली तशी कुठून तरी एक चिरका आवाज सुरू झाला. डबक्यातल्या बेडकानं एकच सूर धरून ठेवावा तसा.

"हे काय वाजतंय?"

गाडी टायरांच्या ढिगाऱ्याला वळसा घालून चालण्याच्या वेगानं पुढे गेली. आवाज चालूच.

"अरे, तुझा बझर बिघडलाय. बंद कर तो."

"मी काही करत नाहीये, बाई," मिस्त्री हळूच म्हणाला. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. त्याचा डावा पाय क्लचच्या बाजूला, आणि उजवा पाय...

बाईंनी त्याच्या उजव्या पायाकडे पाहिलं. तो अॅक्सिलरेटरवर होता. गाडी चालवायची तर तो तिथंच असणार, माणसाला उजवा पाय एकच. डॉक्टरचाही एकच होता. फाटकापासून वळणापर्यंत गाडी चालत होती, म्हणजे डॉक्टरचा पाय अॅक्सिलरेटरवर होता. मग ते लाल दिवे कुणाच्या पायानं लागत होते?

त्यांनी खाली बघायला फार वेळ लावला. पायपुसण्यावर डावा पाय सपाट होता, शिस्तीत. उजवा तिथं नव्हता. तो दुसऱ्या ब्रेकवर जाऊन बसला होता. दाबलेला नाही, नुसता ठेवलेला. मांजर येऊन मांडीवर बसावं आणि आपल्याला वाचताना कळूच नये, तसा.

बाईंनी पाय उचलला. बझर थांबला.

मिस्त्रीनं गाडी भिंतीशी उभी केली, किल्ली काढली आणि म्हणाला, "तेरा नंबरचा पाना कुठं ठेवला मी, बघून येतो." आणि तो गेला. तेरा नंबरचा पाना त्याच्या वरच्या खिशातून अर्धा बाहेर आलेला होता.

बाई एकट्याच बसून राहिल्या. त्यांना शाळेचं वळण आठवलं. एवढे दिवस त्या ते आठवायचं टाळत होत्या, हे आत्ता त्यांच्या लक्षात आलं. दहा महिने झाले होते. तेव्हाचा विद्यार्थी एक कॉलेजातला मुलगा होता. सायकलवरून एक मुलगी पुढे चालली होती. तिची पाण्याची बाटली खाली पडली, आणि ती मागेपुढे न बघता उतरून रस्त्यात वाकली. बाईंनी ब्रेक दाबला. गाडी वीतभर अंतरावर थांबली. मुलीनं बाटली उचलली, झाकण पुसलं आणि ती निघून गेली. तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. विद्यार्थी "बापरे" म्हणाला आणि हसला. बाईंनी "पुढे चला" म्हटलं. तो बारावा ब्रेक होता. अकरांच्या गोष्टी बाईंनी हजार वेळा रंगवून सांगितल्या होत्या. बारावी कुणालाच सांगितली नव्हती, घरीसुद्धा नाही. पायाला मात्र ती पाठ होती.

मिस्त्री परत आला तेव्हा बाई गाडीबाहेर उभ्या होत्या.

"तुला आधीपासून माहीत होतं."

"मागच्या वेळी पॅड बदलताना शंका आली होती. तुमच्या पेडलवरचं रबर एका बाजूनं झिजलं होतं. पण बाई, तुम्हाला मी कसं सांगणार?"

"तोंडानं!"

"दोनदा नापास झालेला माणूस आहे मी," मिस्त्री म्हणाला.

बाई हसल्या, पण डोळे पुसत. मग त्यांनी पर्समधून कागद काढला, गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि खाली सही केली. "आकडा योग्य आहे. काम सुरू कर. गुरुवारची परीक्षा होऊ दे, मग या गाडीला गिऱ्हाईक बघ. मी काय म्हणत आलेय ते तुला माहीत आहे."

मिस्त्रीनं कागद हातात घेतला आणि नीट निरखला. मग खोडलेल्या ओळीवर त्यानं काळं बोट ठेवलं. "ही कुणी मारली?"

"मी."

"का मारली?"

"अजून जीव आहे म्हणून."

"तीन मिलिमीटर," मिस्त्री म्हणाला. "तीन मिलिमीटरच्या लायनरवर तुम्हाला दया येते. आणि एकतीस वर्षांचा पाय काही महिने घाबरला म्हणून गाडी विकताय? माझ्या वडिलांनी नसती विकू दिली." एवढं लांब वाक्य तो बाईंसमोर जन्मात बोलला नव्हता. बोलून झाल्यावर त्याचे हात पुन्हा पाठीमागे गेले. "बझर काढू का जोडलेला ठेवू, तेवढं सांगा."

बाईंनी खोडलेल्या ओळीकडे पुन्हा एकदा पाहिलं. "राहू दे जोडलेला," त्या म्हणाल्या. "कायमचा."

संध्याकाळी नव्या ब्रेकची गाडी घेऊन त्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. शेवटचा पेशंट तोंडाला रुमाल लावून बाहेर पडत होता. बाईंनी दार लोटलं आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं. "डॉक्टर, दोन महिने तुमची गाडी बंद पडत होती, ती तुमच्यामुळे नाही. माझा पाय ब्रेकवर होता. तुम्ही पुढे जायला बघत होतात आणि मी धरून ठेवत होते. मला कळत नव्हतं, पण होता."

डॉक्टरीणबाईंनी हातातले मोजे अर्धवट काढलेले तसेच ठेवले. "म्हणजे मी ढ नाही?"

"नाही."

"दोन महिने मी रोज सकाळी आरशात बघून स्वतःला ढ म्हणतेय, बाई!"

"चुकलं माझं."

"नुसतं चुकलं नाही. तुमची ती डावी दाढ आहे ना, जिच्यासाठी तुम्ही सहा महिने येते येते म्हणताय? परीक्षा झाली की शुक्रवारी या खुर्चीत बसायचं. आणि मी सांगेन तेव्हा तोंड उघडायचं." एवढं बोलून त्यांनी मोजे भिरकावले आणि किल्ली मागितली.

गाडी निघाली. गचका नाही, काही नाही. लोण्यातून सुरी जावी तशी निघाली, आणि डॉक्टरीणबाईंच्या तोंडून "अगंबाई" असा लहान मुलीसारखा उद्गार आला. बाईंच्या घरावरून जाताना बझर एकदा वाजला. "तुमचा पाय," डॉक्टरीणबाई रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. बाईंनी पाय मागे घेतला. थोड्या वेळानं तो पुन्हा वाजला. "बाई!" पुन्हा मागे. आयुष्यात पहिल्यांदा विद्यार्थिनी बाईंना रागवत होती, आणि बाई निमूटपणे ऐकत होत्या.

मग शाळेचं वळण आलं. फुटपाथवर एक माणूस खांद्यावर लांब शिडी घेऊन चालला होता. चालता चालता त्याला कुणीतरी हाक मारली, तो गर्रकन वळला, आणि त्याच्याबरोबर शिडीचं टोक आडवं होऊन रस्त्यात आलं.

गाडी थांबली. अलगद, शिडीपासून चार हातांवर. शिडीवाल्यानं हात वर करून माफी मागितली आणि तो गेला.

बझर वाजला नव्हता. बाईंनी खाली पाहिलं. त्यांचे दोन्ही पाय पायपुसण्यावर होते. सपाट, जोडीनं.

"मी थांबवली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तुम्हीच थांबवलीत," बाई म्हणाल्या. "आता इशारा द्या आणि निघा. मागे लोक खोळंबलेत. आणि ऐका, तुम्हाला बाराव्या ब्रेकची गोष्ट सांगायचीय. ती इथंच घडली."

घरी पोहोचल्या तेव्हा दिवेवाले गॅलरीतून उठून दारात आले होते. गुडघा धरून, भिंतीच्या आधारानं, पण आले होते.

"आज काय केलंत तुम्ही दोघींनी?" त्यांनी विचारलं. "वळणावर दिवे एकदाच लागले आणि लगेच विझले. बरोबर जिथं लागायला हवे होते तिथंच. कंपनीत असताना मला असे दिवे द्यायला तीन तालमी लागायच्या."

"मी काहीच केलं नाही," बाई म्हणाल्या. आणि चपला काढून, दोन्ही पाय मोकळे करून, त्या गॅलरीत त्यांच्या खुर्चीशेजारी जाऊन बसल्या.